पाचवा ‘का’

औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात त्याला सगळे ‘कासाहेब’ म्हणत. तो सुधारणा खात्याचा प्रमुख. काही बिघडलं की मुळाशी जाईपर्यंत पाचदा ‘का’ विचारायचा. मशीन थांबलं? का? पावडर अडकली. का? ओलसर होती. का? असं करत समोरच्याला घाम फोडायचा. पायाला तर भिंगरीच. एक औषध संपवून दुसरं लावण्याआधी मशीन धुण्यात पूर्वी अख्खी पाळी जायची. त्याने ते काम अर्ध्या वेळात बसवलं. एका नियमाला मात्र त्याने कधी हात लावला नाही: साफ एकाने करायचं, बघायचं दुसऱ्याने. आदल्या औषधाची एक गोळी आत राहिली, तरी कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

घरीही तेच खूळ. आई रोज संध्याकाळी आपल्या गोळ्या ताटलीत मांडायची आणि हाक मारायची, “बघ रे, बरोबर आहेत का.” मग गुडघ्याचं निघायचं, शेजारणीचं, गेलेल्या मावशीचं. ह्याचा पाय हलत राहायचा. शेवटी त्याने वारांच्या कप्प्यांचा डबा आणला. “आठवड्यातून एकदा भर, की सुटलीस!” आईने मुकाट्याने डबा घेतला. कासाहेब भलताच खूश.

आज सकाळी गाडीची किल्ली शोधताना त्याने सहज तो डबा उघडला. एकाच कप्प्यात रक्तदाबाच्या तीन गोळ्या, आणि साखरेची एकही नाही. डबा घेऊन तो तसाच आईकडे धावला.

“आई, ह्या चुकल्यात! का?”

“मीच चुकवल्या.”

“का?”

“तू बघतोस का, ते बघायला.”

“अगं, चुकून घेतल्या असत्यास म्हणजे? का असला खेळ?”

“मला काय वेड लागलंय? मी पाकिटातून नीट काढून घेते. हा डबा महिनाभर असाच पडलाय.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलायची वेळ तूच वाचवलीस ना.”

पाचवा ‘का’ त्याच्या ओठांवर आला आणि तिथेच अडला. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

खिशात फोन वाजत होता. बैठक सुरू झाली असणार. त्याने तो वाजू दिला, डबा बाजूला सारला आणि खाली बसला.

“ताटली आण. बघतो.”

आई पाकिटं घेऊन आली, पण उघडेना. तिने त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला.

“आधी हा पाय थांबव,” ती म्हणाली. “मग बघ.”