जुन्या प्लगचं शेवटचं मशीन

टॅक्सी चालवणाऱ्या ताईंनी विजेची गाडी घेतली तेव्हा बाजारात झटपट चार्जिंगचे दोन प्रकारचे प्लग होते. कोणता टिकेल ते कुणी छातीठोकपणे सांगेना. कंपन्यांची रस्सीखेच बरीच वर्षं चालली आणि ताईंचा प्लग हरला. बघता बघता शहरात त्या प्लगचं एकच मशीन उरलं, बाजारामागच्या पार्किंगमध्ये.

तिथेच घड्याळवाल्या काकांची ओळख झाली. दुकान समोरच, गाडी ताईंसारखीच जुन्या प्लगची. "आपण एकाच माळेचे मणी," म्हणायचे आणि ताई घाईत असल्या की त्यांना आधी चार्जिंग करू द्यायचे.

एका दुपारी ताईंना विमानतळाचं भाडं मिळालं. बॅटरी तळाला गेलेली, आणि मशीनला काकांची गाडी. काकांना फोन करता आला असता. पण ते येणार, मग बोलणं होणार, तोवर भाडं हातचं जायचं. ताईंनी मशीनचं लाल बटण दाबलं, प्लग काढला, आपल्या गाडीला लावला. काकांचं बरंच भरलं असेल, असं मनाशी म्हणाल्या. आकड्याकडे मात्र बघितलं नाही. निघताना प्लग नीट जागेवर अडकवला.

पुढच्या खेपेला काका भेटले.

"परवा मशीननं दगा दिला हो. मध्येच बंद पडलं. कुणा भल्या माणसानं प्लग काढून जागेवर ठेवला होता, मला वाटलं झालं चार्जिंग. आकडा न बघताच हिला आणायला निघालो, गाडी वाटेतच थांबली. हिचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी बांधून दवाखान्याच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बसून होती. तक्रार केलीय मी. तुमच्यावरही अशी वेळ नको."

ताईंच्या ओठांवर आलं होतं. "हो का," एवढंच बाहेर पडलं.

मेकॅनिक आला, मशीन ठणठणीत निघालं. पण कंपनीला निमित्तच हवं होतं. गिऱ्हाईक मोजकं, त्यात तक्रार. मशीन काढणार असल्याचा कागद चिकटला.

"माझ्यामुळे तुमच्या पोटावर पाय आला," काका हात जोडून म्हणाले. "माफ करा."

ते जोडलेले हात ताईंना बघवेनात. "काका, मशीन बिघडलं नव्हतं. प्लग मी काढला होता."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "फोन का नाही केलात? समोरच तर होतो मी."

काका दुकानात निघून गेले.

दोन दिवस ताईंना जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्या काकांच्या घरी गेल्या. काकूंनी दार उघडलं.

"टॅक्सीवाल्या ताई ना? या की. हे तुमचं फार कौतुक करतात."

म्हणजे काकांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून आपल्याच तोंडानं सांगणं आलं. ताईंनी उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, भाडं मिळाल्यापासून "हो का" म्हणेपर्यंत.

काकू म्हणाल्या, "मी यांनाच बोल लावला हो. आठवडाभर धड बोलले नाही यांच्याशी."

आतल्या खोलीत काका खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला. ताई मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या.