आत्याबाईंची शिकवणी

माझं माहेर नांदेडचं. वडील रेल्वेच्या ऑफिसात कारकून, आई शिक्षिका. डी.एड. झाल्यावर उदगीर तालुक्यातल्या एका खेड्यात मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि पुढं लग्नही त्याच गावात, शेतकऱ्याच्या घरात झालं. सासऱ्यांच्या मागं सगळं शेत माझ्या सासूबाईंनी सांभाळलेलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उंच, काटक बाई. बोलणं असं फटकळ की गडीमाणसं त्यांच्यासमोर टोपी सारखी करून उभी राहत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ते कधी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांचं काही अडायचंच नाही.

अडलं ते भूकंपानंतर. आमच्या गावात माणसं वाचली, पण बऱ्याच घरांच्या भिंती गेल्या. आमचीही मागची पडवी बसली. शाळेच्या इमारतीला तडे गेले म्हणून वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागले. पडझडीची पाहणी झाली आणि काही दिवसांनी चावडीच्या भिंतीवर मदत मिळणाऱ्यांची यादी लागली. घर आत्याबाईंच्या नावावर. त्या यादी बघायला गेल्या आणि शेजारी उभ्या असलेल्या एकाला म्हणाल्या, "माझं नाव हाय का बघ बरं." त्यानं वरवर नजर फिरवली आणि म्हणाला, "न्हाई दिसत."

मी शाळेतून आले तेव्हा त्या ओसरीवर तोंड पाडून बसलेल्या. काय झालं ते कळल्यावर मी तशीच चावडीवर गेले. त्यांचं नाव वरून तिसरं होतं. पळत येऊन सांगितलं. मला वाटलं, आता चेहरा खुलेल. पण त्या जास्तच तापल्या.

"म्हंजी मी माझ्याच नावासमोर उभी हुते, अन् मला ते दिसलं न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लेकीची पाटी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. "शिकव. पण एक ध्यानात ठेव. शाळंत तू बाई, घरात मी सासू. दोन्ही मिसळायचं न्हाई."

असा तो वर्ग सुरू झाला. शाळा सुटल्यावर, दुपार कलताना. शेडचे पत्रे तापलेले असायचे, म्हणून आम्ही मागच्या लिंबाच्या सावलीत बसायचो. आत्याबाई बसल्या म्हटल्यावर गल्लीतल्या आणखी सहा-सात बायका आल्या. आत्याबाईंच्या विळा धरलेल्या हाताला पेन्सिल धरणं जमेना. दाबून लिहायच्या आणि तुकडे पडायचे. अक्षरंही त्यांना चटकन आली नाहीत. घ आणि ध तर त्यांनी आठवडाभर उलटेसुलटे केले. घरी मात्र मी चुकूनही त्यांची चूक काढली नाही, करार पाळला. वर्षभरात त्या एस.टी.ची पाटी वाचू लागल्या. मी सगळ्यांना उदगीरचा किल्ला दाखवायला नेलं, तेव्हा स्टँडवर लातूरची गाडी शोधत फिरणाऱ्या एका धोतरवाल्या म्हाताऱ्याला त्यांनी स्वतः होऊन सांगितलं, "बाबा, ही देगलूरची हाय. तुमची पलीकडं लागली." परत येताना त्या नुसत्या खिडकीबाहेर बघून दुकानांच्या पाट्या ओठातल्या ओठात वाचत होत्या.

पुढं माझी लेक दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तेव्हा मराठवाड्यात एकच बोललं जायचं, पोरगं हुशार असेल तर लातूरला घाला. गावोगावची मुलं तिथं लोटत होती. क्लासच्या गल्ल्यांत घर तिथं खोली आणि खोली तिथं दोन-दोन, तीन-तीन मुलं. लेकीला तिथं एकटं ठेवायला माझं मन घेईना. माझी नोकरी, मालकांचं शेत. आम्ही नवराबायको चार दिवस खल करत बसलो. शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "त्यात काय एवढं बेजार व्हायचं? मी जाते."

गॅस, कणकेचा डबा, दोन वाकळा, असं घेऊन आजी-नात लातूरला राहायला गेल्या.

महिन्या-दोन महिन्यांनी एका शनिवारी मी न कळवता गेले. खोलीला कुलूप. खाली घरमालकीण गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "आजीबाई वर गच्चीवर हायत. त्यांचा क्लास चालू हाय."

मला वाटलं, नातीचा क्लास म्हणायचं असेल. वर गेले, तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत दहा-अकरा बायका सतरंजीवर बसलेल्या. कुणी आजी, कुणी आई, सगळ्या मुलांना करून घालायला गावाहून आलेल्या. टाकीच्या सिमेंटच्या भिंतीवर काळा रंग दिलेला आणि त्यापुढं हातात खडू घेऊन आत्याबाई. बायकांच्या मांडीवर नातवंडांच्या सराव परीक्षांचे कागद होते. पुढच्या बाजूला गणितं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बायकांची बाराखडी.

मी जिन्याच्या तोंडाशी थबकले. आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आता आलीस तर माघं बस. मधी बोलू नको."

मी बसले. भोकरकडची एक म्हातारी घ आणि ध मध्ये अडकली होती. आत्याबाईंनी फळ्यावर दोन्ही अक्षरं मोठी काढली. "हे बघ. घराच्या घ वर पत्रा कसा सबंध हाय, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. अन् ह्यो ध. ह्याचा एका बाजूचा पत्रा उडाला. पत्रा उडाला की ध. आलं का ध्यानात?"

"हाव, आलं," म्हातारी म्हणाली आणि तिनं पाठोपाठ चारदा बरोबर काढून दाखवलं.

मी इतकी वर्षं मुलांना ती अक्षरं शिकवत होते. मला हे कधी सुचलं नव्हतं. सोमवारी शाळेत गेल्यावर मी तसंच शिकवलं आणि आजवर तसंच शिकवत आले.

जेवताना मी विचारलं, हे कधी सुरू केलंत? त्या म्हणाल्या, "पोरं क्लासला गेली की ह्या बायका दारात बसून रस्ता बघायच्या. संध्याकाळपर्यंत नुसता रस्ता. मला बघवंना." लेक हसत म्हणाली, "आई, आमच्या सरांपेक्षा आजी कडक आहे. गैरहजर राहिलं तर घरी जाऊन विचारते."

त्या हिवाळ्यात मुलांची दिवसभराची परीक्षा होती, तो रविवार धरून आत्याबाईंनी नांदेडची सहल काढली. माहेरवाशीण म्हणून मला वाट दाखवायला बोलावलं. एस.टी.त खिडकीसाठी भांडणं झाली, कारण सगळ्यांना पाट्या वाचायच्या होत्या. गावं मागं पडत होती आणि एकीला अर्धंच वाचायला मिळालं की ती ड्रायव्हरच्या नावानं ओरडायची, "अरे हळू चालव की!"

नांदेडला आधी गोदावरीवर गेलो. मग गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो आणि जेवण झाल्यावर सगळ्याजणी आपण होऊन रोट्या लाटायला बसल्या. तिथून मी त्यांना माझ्या जुन्या कॉलेजात नेलं. परीक्षा जवळ आल्यानं ग्रंथालय रविवारीही उघडं होतं. दारात शिपायानं अडवलं. "कोणाला भेटायचं?"

"कोणाला न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "वाचायला आलो."

आतून ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, मोठ्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या ओढून दिल्या आणि त्या दिवशीचं वर्तमानपत्र समोर ठेवलं. एकेकीनं एकेक ओळ वाचायची असं ठरलं. निलंग्याच्या पुढची, कर्नाटकाच्या हद्दीवरची एक बाई होती. घरात कानडी बोलणारी, मोठ्या नातवापायी लातूरला आल्यावर मराठी शिकलेली. आम्ही तिला अक्का म्हणायचो. तिच्या ओळीत 'जिल्ह्यात' आलं आणि ती थांबली. जि म्हणाली आणि पुढं जाईना. माझ्या तोंडात शब्द आला होता. आत्याबाईंनी टेबलाखालून माझा हात दाबला.

आम्ही थांबलो. बाजूच्या टेबलावरची कॉलेजची मुलंही वाचायची थांबली. अक्कानं बोट अक्षरावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. बराच वेळ गेला. मग तिनं एकदम अख्खा शब्द म्हटला, "जिल्ह्यात!" आणि इतक्या जोरात म्हटला की तिचं तिलाच हसू आलं. शिपाईसुद्धा हसला. आत्याबाईंनी फक्त मान हलवली आणि म्हणाल्या, "म्होरं वाच."

शाळेत मूल अडलं की मी दुसऱ्या क्षणाला शब्द सांगून मोकळी व्हायची. थांबायचं कसं, ते मी त्या टेबलाशी शिकले. माझ्याच कॉलेजात, माझ्या विद्यार्थिनीकडून. 

निघताना ग्रंथपाल बाईंनी भेटीची वही पुढं केली. नाव, गाव, व्यवसाय. सगळ्याजणींनी सावकाश लिहिलं. आत्याबाईंनी व्यवसायाखाली 'शेती' लिहिलं. पेन खाली ठेवता ठेवता पुन्हा उचललं आणि पुढं जोडलं, 'आणि शिकवणी'.

लेकीचा फोटो काही कुठल्या क्लासच्या बॅनरवर झळकला नाही. पण तिला शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती हॉस्टेलला गेली. आत्याबाई गावाकडं परतल्या. अक्काचा धाकटा नातू अजून अकरावीतच होता, म्हणून गच्चीवरचा वर्ग तिनं चालवायला घेतला. आत्याबाई मात्र दर दोन-तीन महिन्यांनी नवं पातळ नेसून, एकट्या एस.टी.त बसून लातूरला जायच्या. तपासणीला जाते, असं म्हणायच्या.

परत आल्यावर मी विचारायची, "कसा चाललाय अक्काचा वर्ग?"

"चांगला चाललाय. बायका वाढल्या." मग चपला काढता काढता म्हणायच्या, "पण फळा नीट पुसत न्हाई ती. सांगून आले."