औशाच्या बारवेवरचे लोक

नांदेडला उतरले तेव्हा गोदावरीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसले. ओळख ना पाळख, तरी वाढणाऱ्याने आग्रह करकरून पोटभर जेवू घातलं. मग एसटीने लोह्यावरून लातूर. दोन्ही बाजूंचं करपलेलं रान बघून डोळे शिणले. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. स्टँडवरच्या टपरीवाल्यानेसुद्धा पाटीवर ऐटीत ‘जिल्हा लातूर’ रंगवून घेतलं होतं.

पुढे औशाला माझी धाकटी बहीण सुमन राहते. तिला सातवा महिना. डॉक्टरांनी ओझं उचलू नको म्हणून बजावलेलं, तरी बाईसाहेब रोज भरला हंडा डोक्यावरून आणत होत्या. तिचे यजमान दिनकरराव नव्या जिल्हा कचेरीत कारकून. माणूस देवासारखा, पण हंड्याचा विषय निघाला की मान खाली. मी खोदून विचारलं.

“ताई, लोक काय म्हनतील? कचेरीतला मानूस बायकोचा हंडा वाहायलाय.”

“कोण लोक?”

त्यांना एकही नाव सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच हंडा उचलला. माहेरची पाहुणी पाणी भरणार म्हणजे त्याहून मोठी बेअब्रू! बिचारे मागे मागे आले.

बारव (पायऱ्यांची मोठी विहीर) बघून मी थक्क झाले. काळ्या दगडाच्या पायऱ्या खोल उतरत गेलेल्या, तळाशी परातीएवढं पाणी, आणि पायरीपायरीवर बायका उभ्या. चढउतार कुणीच करत नव्हतं. रिकामी भांडी एका कडेने खाली, भरलेली दुसऱ्या कडेने वर, सगळं हातोहात. थेंब सांडत नव्हता.

दिनकरराव काठावर अवघडून उभे होते, कान लाल झालेले. सगळ्यात वरच्या पायरीवरच्या म्हातारीने त्यांना निरखलं आणि भरला हंडा पुढे केला.

“सुमनचे मालक ना तुमी? लई दिस वाट बघायलोय. तिला आमी पायरी उतरू देत न्हाई. पर हितून घरापस्तोर कोन न्हेनार?”

कुणी हसलं नाही. दिनकररावांनी हंडा डोक्यावर घेतला आणि अर्धं पाणी अंगावर सांडत घर गाठलं. सुमन दारात उभी राहून बघतच राहिली.

परतीच्या एसटीत मी त्याच विचारात होते. लोक बोलत होते हे खरंच होतं. दिनकरराव का येत नाहीत, एवढंच बोलत होते. आणि ज्यांच्या हसण्याला ते इतके दिवस भ्यायले, त्याच बायका रोज त्यांच्या बायकोचा हंडा वर पोचवत होत्या.