एकच हात

मॉलमध्ये मी फक्त उशांचे अभ्रे घ्यायला गेले होते. सरकत्या जिन्यापाशी क्रीम विकणाऱ्या मुलीने "काकू, एकच मिनिट!" म्हणत माझा उजवा हात धरलाच.

"मला काही घ्यायचं नाहीये."

"घेऊ नका हो, नुसतं बघा."

तिने क्रीम चोळायला सुरुवात केली. फोडणी उडाल्याचे जुने डाग, कोरडी पडलेली बोटं, सगळ्यांवरून तिचा अंगठा सावकाश फिरत होता. "किती काम करता हो काकू," ती म्हणाली. मी चिडले होते, तरी हात काही मागे घेतला नाही. डावा हात तिने मुद्दाम तसाच ठेवला, फरक दिसावा म्हणून. फरक दिसलाही.

मी पुन्हा "नको" म्हटलं. तिने तत्क्षणी हात सोडला आणि मागून येणाऱ्या बाईंना त्याच आवाजात हाक मारली, "काकू, एकच मिनिट!"

मला राग आला. पण कशाचा? तिने हात धरला त्याचा, की इतक्या पटकन सोडला त्याचा? काही कळेना. घरी आल्यावर हात धुवायला नळ सोडला. डावा हात धुऊन झाला, तरी उजवा काही पुढे होईना.