आधी गोळी, मग आंबील

सकाळी साडेसातला मामंजी ज्वारीच्या आंबिलीचा पेला घेऊन माझ्यासमोर उभे राहत. उजव्या हातात पेला, डावा हात पुढे. त्या हातावर मी गोळ्यांची पट्टी ठेवायची. आजचा खण रिकामा दिसला, की पेला माझ्याकडे येई. "आधी गोळी, मग आंबील," एवढंच म्हणत. सुनेशी फार बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्यांची उभी हयात नागपुरात कळमन्याच्या बाजारात धान्य पारखण्यात गेलेली. मला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं कळलं, तेव्हा माझा डावा पाय बधिर झाला होता आणि वर्गात शिकवताना फळ्यावरचे आकडे दोन-दोन दिसत होते. शरीराची राखण करणारी यंत्रणाच मज्जातंतूंवर उलटते, असं डॉक्टरांनी समजावलं. मामंजींनी सगळं ऐकून एकच विचारलं, "हिले खायाले काय द्यायचं?"

"साधं, घरचं. आतड्यातल्या जिवाणूंचा या आजाराशी संबंध दिसतो, पण नेमका कसा, ते अजून शोधतोय."

"शोधून राहिले म्हणजे माहीत नाही," बाहेर आल्यावर मामंजी म्हणाले. "पण ज्वारीनं कोणाचं वाईट नाही होत."

त्या दिवसापासून पाव-बिस्किटं घरातून गेली. भाकर, पालेभाजी, डाळ आणि सकाळची आंबील, तीही सगळ्यांना. "एका घरात दोन सैपाक काहून?" म्हणत त्यांनी रविवारचं सावजी मटणही सोडलं. हा त्याग केवढा, ते नागपूरकरालाच कळेल.

पुढे या जिवाणूंच्याच एका अभ्यासासाठी रुग्णाच्या शौचाचा नमुना हवा होता, आणि सोबत त्याच घरात तेच अन्न खाणाऱ्या एका निरोगी माणसाचा. नवरा फिरतीवर. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, "असलं कोणी डबीत भरून देते का वं?" माझ्यासमोर कधी बनियनवरही न बसलेले मामंजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माहं नाव लिही. जिंदगीभर लोकाच्या मालाचा नमुना पाहिला, आता आपला देऊ."

दोन्ही डब्या एकाच पिशवीत घालून आम्ही ऑटोनं निघालो. सगळा रस्ता आम्ही दोघं उन्हाबद्दलच बोललो.

वर्षभरात पायात ताकद आली, शाळा सुरू झाली. मला वाटलं, ही सगळी आंबिलीची किमया. मोबाइलवर तशा गोष्टीही वाचत होते. मी गुपचूप गोळ्या बंद केल्या. औषधं आणायचं काम मामंजींचं. नव्या पट्ट्या ठेवताना त्यांना जुन्या तशाच सापडल्या.

"तुमच्या आंबिलीनंच बरी झाले मी," मी म्हटलं. दुसरा कोणी खूश झाला असता. त्यांनी जुन्या पट्ट्या माझ्यासमोर मांडल्या.

"सूनबाई, वरचे दाणे चांगले म्हणून पोतं चांगलं नाही होत. मी तळापर्यंत हात घालत होतो. तुह्या तळाले काय चालू आहे, तुले दिसते का? ज्वारी मीच आणली ना, मंग मीच सांगतो. ते जेवण आहे, दवाई नाही."

दुसऱ्या दिवशी ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. मेंदूच्या तपासणीत एक नवा डाग निघाला. मला काही जाणवतसुद्धा नव्हतं. गोळ्या परत सुरू झाल्या आणि तेव्हापासूनच मामंजींची साडेसातला पट्टी बघायची हजेरीही. त्यानंतर नवा डाग आलेला नाही. आजही मी उभी राहून शिकवते.

गेल्या वर्षी मामंजी दुपारच्या झोपेतच गेले. परवा सकाळी अभ्यासवाल्यांचा फोन आला. दुसरा नमुना हवाय, घरातली निरोगी व्यक्ती तीच आहे ना? "ते आता नाहीत, नमुन्यासाठी दुसरं कोणी बघते," मी म्हटलं. त्यांची इतकी आठवण आली, की डोळे भरून आले.

सासूबाई ज्वारीचं पीठ कालवत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असावं.

"माहं नाव सांग वं," त्या म्हणाल्या. "मी बी तेच जेवून राहिली ना."

आणि पिठानं माखलेला डावा हात माझ्यापुढे करून म्हणाल्या, "पट्टी दाखव."