तीन वेळा फेकलेले बूट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला माहीत आहे, पण ते मी सांगितलं म्हणून नव्हे. ती तिथेच उभी होती. बाकी कुणाला नाही. कोचना नाही, मैत्रिणींना नाही. गेल्या तीन वर्षांत कॅमेऱ्यासमोर माझ्याइतकं बोललेली खेळाडू अख्ख्या बडोद्यात दुसरी नसेल. एवढं बोलले, आणि नेमकं हेच गिळलं.

ती रील तुम्ही पाहिली असेल कदाचित. मांजलपूरच्या एका फ्लॅटची बाल्कनी. बनियनमधला एक मिशीवाला माणूस मुलीचे बूट खाली भिरकावतो. मुलगी मान खाली घालून उभी. मग अक्षरं येतात – ‘माझ्या घरात मला धावायलाही बंदी होती.’ आणि तीच मुलगी नवेकोरे बूट घालून वाळूच्या खड्ड्यात लांब उडी मारते. ती मुलगी मी. तो माणूस माझे बाबा.

राग येतो ना त्या माणसाचा? यायलाच पाहिजे, तसंच कापलंय ते.

मला कुणाचा राग येतो, सांगू? आधी एजन्सीच्या त्या मुलीचा यायचा. बुटांच्या कंपनीसाठी खेळाडू शोधत होती. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, तुझ्या स्टोरीत विरोध कुणी केला? मी म्हटलं, कुणीच नाही. तिचं तोंड उतरलं. मेडल आहे, फॉलोअर आहेत, पण स्ट्रगल कुठाय? नुसती उडी कोण बघतं? मग बघणाऱ्यांचा राग यायला लागला. बाप दुष्ट असल्याशिवाय यांना मुलगी शूर वाटतच नाही! हे सगळे राग खरे आहेत हो. पण त्यांच्याआड मी किती दिवस लपणार? ती रील माझ्याच फोनमध्ये बनली.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. मी दहा वर्षांची असल्यापासून कामावर जायच्या आधी मला स्कूटरवरून मैदानावर नेणार. डिकीत टेप, टॉवेल आणि बुटांचे खिळे घट्ट करायचा पाना. मी उडी मारली की मागून बाबा दाताळं घेऊन वाळू सपाट करायला हजर. कोच म्हणायचे, राहू द्या, मुली करतील. हे ऐकतील तर शपथ. जवळच छाणीला राहणाऱ्या आत्याने एकदा टोमणा मारला, पोरीला चड्डीवर उड्या मारायला लावतोस म्हणून. सख्खी बहीण, पण पुढची दोन वर्षं बाबांनी तिच्या घरचं पाणी घेतलं नाही.

अशा माणसाला मी म्हटलं, बाबा, एक गमतीचा व्हिडिओ करायचाय.

गमतीचा. हा शब्द माझा – एजन्सीचा नाही.

बूटही त्यांनीच निवडले. चांगले नकोत, खराब होतील, म्हणून माळ्यावरची फाटकी जोडी काढली. पहिल्या वेळी त्यांनी ते कठड्यावरून अलगद सोडले, जणू काचेचे आहेत. स्वतः खाली जाऊन घेऊन आले, धूळ झटकली. दुसऱ्या वेळीही तेच. मी वैतागले. म्हटलं, तुम्हाला राग आणताच येत नाही का? तिसऱ्या वेळी त्यांनी आणला. बूट थेट पार्किंगपर्यंत गेले. आणि लगेच माझ्याकडे वळून ते हसले, ‘‘जमलं का गं? कुणाला खरं नाही ना वाटणार?’’

‘‘छे हो,’’ मी म्हटलं.

ते हसणं मी कापलं.

रील धावली. आठवड्याच्या आत भाजीच्या लारीपाशी एका बाईने बाबांना सगळ्यांदेखत सुनावलं, ‘‘काका, छोकरीना बूट फेंकाय?’’ वर्कशॉपमधले, वीस वर्षं एका डब्यातलं खाणारे मित्रही म्हणाले म्हणे, माणूस घरात वेगळाच असतो. बाबा घरी आले. आता बोलतील, आता ओरडतील, म्हणून मी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं! त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘कंपनी घेणार ना तुला?’’ मी मान हलवली. आई तेवढी भांडी आपटत राहिली.

आणि आता ते, ज्याच्यासाठी इतकं घुटमळले.

कंपनीने कार्यक्रम केला. बाबांनाही स्टेजवर बोलावलं. निवेदकाने माइक त्यांच्यापुढे धरला – आज मुलीला काय सांगाल? मी शेजारी उभी. एक वाक्य बोलायचं होतं मला, ‘हे खोटं आहे.’ तीन शब्द. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबले. मला वेळ देत होते का? मग त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, ‘‘गलती मेरी थी. बेटी ने माफ किया.’’

सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मी काय केलं? मी बाबांना मिठी मारली. आणि त्यांच्या खांद्यावरून कॅमेरा कुठे आहे ते शोधलं. सापडल्यावर डोळ्यांत पाणी आणलं.

तोही व्हिडिओ मी टाकला. पहिल्यापेक्षा जास्त चालला.

तेव्हापासून बाबा मैदानावर येत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. तेच गुडघे रोज बाजारातून दोन पिशव्या भरून जिना चढतात. मीही कधी म्हटलं नाही की चला. तिथे इतर मुलींच्या आया असतात, त्या त्यांच्याकडे कशा बघतात ते मी पाहिलंय. आणि खरं सांगते, ते येत नाहीत म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

कंपनीचा करार संपून वर्ष झालं. आता मला कुणी अडवत नाही. ते हसणं असलेला अख्खा व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. रील काढायला एक बोट पुरेल. ती अजून माझ्या पानावर सगळ्यात वर आहे, मीच लावून ठेवलेली. लोक तिच्यामुळे येतात.

आज सकाळी बाबांनी माझ्या बुटांचे खिळे पान्याने घट्ट केले आणि बूट दाराशी ठेवले. मी ते घातले, मैदानावर गेले, उडीचा व्हिडिओ काढला आणि त्या रीलच्या खाली टाकला.