अर्धी सोडलेली ओळ

हॅलो दादा, तुमीच म्हनत होते ना, "एकतारी सोड, बँड घे"? घेतला. आता आयका.

आज दुपारी अकोल्यात बँडसोबत पयला कार्यक्रम झाला. माह्या गान्यात मी दरवेळी एक ओळ अर्धी सोडतो, अन् समोरचे लोक ती पुरी करतात. बाळापूरच्या गजूकाकाचा आवाज सगळ्यात वर.

आजही सोडली. पन ड्रमवाल्याची गिनती ठरलेली, तो थांबलाच नाई. काकाचे ओठ हलून राहिले होते, आवाज काई आला नाई.

नंतर काका हासले. "लय दनक्यात झालं बाप्पा! आता आमची गरज नाई तुले."

"तसं नाई काका," म्हनेपर्यंत ते निंगाले.

उद्या अमरावतीत बँडसंगच गायचं हाये. एकतारीवाल्याले आता कोनी बोलावतच नाई. मंग ओळ सोडू कोनासाठी?

राहू द्या, समजावू नका. ठेवतो आता फोन.